सोमवारचा पहिला पेला

सोमवारी सकाळी शाळा उघडते. मुले दप्तरे वर्गात टाकतात आणि नळाकडे धावतात. जो सर्वांत आधी पोचतो त्याच्या पेल्यात कुठले पाणी येते? धरणातले, शुद्धीकरण केंद्रातले, गच्चीवरच्या टाकीतले अशी उत्तरे मुले देतील आणि ती चूक नाहीत. पण अधिक नेमके उत्तर असे की, ते पाणी मागच्या आठवड्यापासून तोटीत आणि तिच्यामागच्या नळीत उभे होते. शुक्रवारी दुपारी चारला शाळा सुटून सोमवारी सकाळी आठला भरली तर ६४ तास! या ६४ तासांत पाणी आणि धातू यांच्यात काय घडते, ते कधी कळले आणि कळल्यावर माणसांनी काय केले, याची ही हकिगत आहे. ती मुख्यतः अमेरिकेतील शाळांची आहे. शाळेच्या नळातील शिशासाठी खास कायदा तिथे १९८८ सालीच झाला आणि चांगला कायदा कसा लुळा पडतो, हेही तिथेच पाहायला मिळते.

शिशाची नळी लोकांना का आवडली?

शिशाची रासायनिक संज्ञा ‘पीबी’ (Pb) का, असे विद्यार्थी विचारतात. लॅटिन भाषेत शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात, त्यातली ही दोन अक्षरे. नळ दुरुस्त करणाऱ्याला आपण ‘प्लंबर’ म्हणतो तोही याच शब्दावरून. म्हणजे हा कारागीर मुळात शिशाचे काम करणारा. शिसे मऊ असते, ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, हवे तसे वाकते आणि लोखंडासारखे गंजून फुटत नाही. रोमन कारागीर शिशाचा पत्रा गोल वळवून, सांधा डाखून नळ्या तयार करीत.

या नळ्यांविषयीची शंकाही तितकीच जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने लिहून ठेवले आहे की, मातीच्या नळीतील पाणी शिशाच्या नळीतील पाण्यापेक्षा आरोग्याला चांगले. पुरावा म्हणून त्याने शिशाचे काम करणाऱ्यांच्या निस्तेज, फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखवले. रोमच्या बंदरातील गाळाचे पृथक्करण करून फ्रेंच संशोधकांच्या गटाने २०१४ साली असे अनुमान काढले की, रोमच्या नळाच्या पाण्यात तिथल्या झऱ्यांच्या पाण्यापेक्षा सुमारे १०० पट शिसे असावे. मात्र ‘शिशाने रोमचे साम्राज्य बुडवले’ ही लोकप्रिय गोष्ट त्यांनाही मान्य नाही. तेवढे शिसे त्यासाठी पुरेसे नव्हते.

एकोणिसाव्या शतकात शहरांतून घरोघर नळ आले तेव्हा युरोप-अमेरिकेत पुन्हा शिशाचीच निवड झाली. रस्त्यातल्या मोठ्या वाहिनीपासून घरापर्यंतची जोडनळी वळणावळणाने न्यावी लागे; तिथे शिशासारखा धातू नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात तर अशी जोडनळी शिशाचीच असावी असा नियम होता आणि तो १९८६ पर्यंत टिकला.

इशारे मिळत नव्हते असे नाही. १८४८ साली फ्रान्समधून पदच्युत होऊन इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेला राजा लुई फिलिप आणि त्याचा परिवार क्लेअरमाँट येथील वाड्यात राहत होता. वाड्यातील अनेकांना पोटशूळ सुरू झाला. त्यांच्या डॉक्टरांनी कारण शोधले ते पाण्याच्या शिशाच्या नळीत सापडले. विशेष म्हणजे ते पाणी निर्मळ झऱ्याचे होते.

पाणी शिसे कसे खाते?

निर्मळ पाण्यानेच विषबाधा व्हावी, हे कोडे रसायनशास्त्राने सुटते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन शिशाच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण करतो. पाणी कठीण असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतील, तर नळीच्या आत कार्बोनेटांचा थर बसतो आणि धातू झाकला जातो. पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असेल तर असा थर नीट बसत नाही, बसलेला विरघळतो. साबणाला चांगला फेस आणणारे डोंगराळ भागातले मृदू पाणी शिशाच्या नळीत मात्र जास्त धोक्याचे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर याचे उत्तम उदाहरण आहे. १८५९ साली राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते लॉक कॅट्रिन या सरोवराचे पाणी शहराला सुरू झाले. पाणी अतिशय मृदू, नळ्या शिशाच्या. हे पाणी शिसे विरघळवील का, यावर योजना होण्यापूर्वीच वाद झाला होता. तरीही उपाय व्हायला विसावे शतक उतरणीला लागावे लागले. १९७८ साली पाण्यात चुना मिसळून त्याची आम्लता कमी करण्यात आली आणि १९८९ पासून त्यात थोडे फॉस्फेट घालण्यात येऊ लागले. फॉस्फेटामुळे नळीच्या आत शिशाच्या फॉस्फेटाचा अत्यंत अविद्राव्य पापुद्रा तयार होतो. नळी तीच राहते, पण पाणी आणि धातू यांच्यामध्ये पडदा येतो.

हा पडदा या हकिगतीत पुन्हा भेटणार आहे. तो टिकणे हे पाण्याच्या रसायनावर अवलंबून आहे. पाणी बदलले की पडदा फाटू शकतो.

दुधाचे दात आणि शिक्षकांची टिपणे

पूर्वी शिशाची बाधा म्हणजे पोटशूळ, लुळे पडलेले मनगट, झटके. अशी लक्षणे दिसली नाहीत की मूल ठीक आहे, असे समजले जाई. या समजुतीला सर्वांत मोठा धक्का दिला तो हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन बालरोग व मानसोपचारतज्ज्ञाने. त्या प्रयोगात शाळाशिक्षकांचा वाटा आहे, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगतो.

रक्तातील शिशावरून फक्त अलीकडचा संपर्क कळतो. जुना हिशेब हाडांत आणि दातांत असतो, कारण शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागवते आणि तिथे साठवते. मुलाचे हाड तपासायला कसे काढणार? पण सहा-सात वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात आपोआपच पडतात! नीडलमन यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांच्या शाळांतून पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दात गोळा केले आणि त्यांतील शिसे मोजले. दुसरीकडे, दातांत काय निघाले हे माहीत नसलेल्या शिक्षकांना वर्गातील २१४६ मुलांविषयी साधे प्रश्न विचारले. मूल चटकन विचलित होते का? हातातले काम पुरे करते का? लागोपाठच्या सूचना पाळू शकते का?

१९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातांत जितके शिसे जास्त, तितकी शिक्षकांची प्रतिकूल उत्तरे जास्त. बुद्धिमापन चाचणीतही, इतर घटकांचा हिशेब केल्यावर, जास्त शिसे असलेल्या मुलांचा गट सरासरी चार-साडेचार गुणांनी मागे होता. यांपैकी एकही मूल ‘आजारी’ नव्हते. पुढे १९९१-९२ मध्ये नीडलमन यांच्यावर संशोधनात गैरप्रकार केल्याचे आरोप झाले. चौकशीत ते निर्दोष ठरले आणि इतर देशांतील अभ्यासांनीही त्यांच्या निष्कर्षांना दुजोरा दिला.

यानंतर मुलांच्या रक्तातील शिशाची ‘चिंतेची पातळी’ अमेरिकेत सतत खाली आली : प्रति डेसिलिटर ३० मायक्रोग्रॅम (१९७५), २५ (१९८५), १० (१९९१), ५ (२०१२) आणि ३.५ (२०२१). ही उतरंड शिसे अधिक विषारी झाल्यामुळे नव्हे, तर आपले मोजमाप बारीक झाल्यामुळे आली. ज्याखाली शिसे मुलांना निर्धोक आहे अशी पातळी आजवर सापडलेली नाही. प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शरीरात शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. तेव्हा तोच पेला शिक्षकाने पिणे आणि पहिलीतल्या मुलाने पिणे, यात फरक आहे.

शाळेच्या इमारतीचे वेगळेपण

डॉक्टरेटनंतर काही काळ मी अमेरिकेत संशोधन करीत होतो. मुलाला जवळच्या शाळेत घातले होते. एकदा त्याने सांगितले की, व्हरांड्यातील पाणी प्यायच्या कारंज्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून चिकटपट्टी लावली आहे. मी शाळेत चौकशी केली तेव्हा मला शहराच्या पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल दाखवण्यात आला. पाणी सर्व मानकांत बसत होते. अहवाल खरा होता, पण ते माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्यात शिसे जवळजवळ नसतेच. ते येते शेवटच्या काही मीटरांत.

शाळेसारख्या मोठ्या इमारतीची जोडनळी जाड लागते आणि जाड नळ्या सहसा शिशाच्या नसतात. मग शिसे येते कुठून? एक, तांब्याच्या नळ्यांच्या सांध्यांतून. तिथे वर्षानुवर्षे निम्मे कथील आणि निम्मे शिसे असलेला डाख वापरला जाई. तांबे आणि शिसे एकमेकांना चिकटून पाण्यात असले की तो एक विद्युत घटच होतो आणि त्यात झिजते ते शिसे. दोन, पितळी तोट्यांतून. पितळ यंत्रावर सहज कापले जावे म्हणून त्यात शिसे घालतात. तीन, पाणी थंड करणाऱ्या जुन्या कूलरमधून. काहींच्या टाक्यांना आतून शिशाचे अस्तर होते!

घरात रात्रीचे सहा-आठ तास सोडले तर पाणी वाहते असते. शाळेत ते रोज रात्री, शनिवार-रविवार आणि सबंध सुट्टीभर उभे राहते. म्हणून शाळेच्या नळाची परीक्षा घराच्या पद्धतीने घेऊन चालत नाही. घरी सकाळचे पहिले एक लिटर पाणी तपासतात. शाळेत पहिले २५० मिलिलिटर. तोटीत आणि तिच्या लगतच्या नळीत उभे राहिलेले, मुलाच्या पहिल्या पेल्यात पडणारे पाणी तेवढेच असते.

एका कायद्याची गोष्ट

१९८६ साली अमेरिकेने पिण्याच्या पाण्यासाठी शिशाच्या नळ्या आणि शिसेयुक्त डाख वापरण्यास बंदी केली. यापुढे सामान ‘शिसेमुक्त’ असावे असे ठरले. पण कायद्यातील शिसेमुक्तीची व्याख्या वाचण्यासारखी आहे : डाखात ०.२ टक्के आणि नळ्या व जोडांमध्ये ८ टक्क्यांपर्यंत शिसे चालेल! ही मर्यादा पाण्याला स्पर्श करणाऱ्या भागांसाठी सरासरी ०.२५ टक्क्यांवर आली ती २०१४ पासून. मधल्या काळात बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या कित्येक ‘नव्या’ शाळांत कायद्याने शिसेमुक्त आणि प्रत्यक्षात शिसेयुक्त पितळ बसले. शाळा नवी म्हणजे पाणी सुरक्षित, हा समज त्यामुळेच फसवा आहे.

१९८८ साली खास शाळांसाठी कायदा झाला. शिशाचे अस्तर असलेले कूलर परत घ्यावेत, सदोष कूलरची यादी प्रसिद्ध करावी आणि राज्यांनी शाळांना पाणी तपासण्यासाठी व दुरुस्तीसाठी कार्यक्रम आखून द्यावा, असे त्यात होते. कायदा नेमका होता. पण लुइझियाना राज्याने असा कार्यक्रम राबवला नाही म्हणून एका नागरिक संघटनेने दावा केला, तेव्हा १९९६ साली केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला की, केंद्र सरकार राज्यांना असा कार्यक्रम करण्याची सक्ती करू शकत नाही. त्या कलमाचा कणाच मोडला.

१९९१ साली पाणीपुरवठा करणाऱ्यांसाठी वेगळा नियम आला होता. तपासलेल्या नळांपैकी १० टक्क्यांहून जास्त नळांत लिटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे निघाले तर त्यांनी उपाय करायचे. पण नमुने घ्यायचे ते मुख्यतः घरांतून. अशा रीतीने पाणीपुरवठा करणाऱ्याची जबाबदारी शाळेच्या फाटकापाशी संपली, राज्यावर सक्ती उरली नाही आणि शाळेला ना पैसा होता ना ज्ञान. मूल मात्र तिघांच्या मधोमध उभे होते.

पडदा फाटतो तेव्हा

राजधानी वॉशिंग्टनमध्ये नोव्हेंबर २००० मध्ये जंतुनाशक म्हणून क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरण्यास सुरुवात झाली. हेतू चांगला होता. क्लोरीनमुळे बनणारे काही घातक पदार्थ टाळायचे होते. पण प्रबळ ऑक्सिडीकारक क्लोरीनमुळे नळ्यांत शिशाच्या डायऑक्साइडचा अविद्राव्य थर बसलेला होता. क्लोरामाइन तितके प्रबळ नाही. त्याच्या सान्निध्यात तो थर टिकेना. शिसे विद्राव्य रूपात पाण्यात उतरू लागले. शहरातील लोकांना हे जानेवारी २००४ मध्ये वर्तमानपत्रातून कळले. त्याच वर्षी फॉस्फेट सुरू झाले.

मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला आणि अधिक संक्षारक नदीचे पाणी फॉस्फेटाशिवाय नळांतून सोडले. नागरिक, अभियंते आणि मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ यांनी आकडे पुढे आणल्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये जुना स्रोत पुन्हा जोडला गेला. त्याच महिन्यात शाळांची तपासणी झाली तेव्हा एका प्राथमिक शाळेत लिटरला १०१ मायक्रोग्रॅम शिसे आढळले.

डेट्रॉइटचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. तिथे पाणी बदलले नव्हते. पाणीपुरवठाही मानकांत होता. तरी २०१८ साली शाळा उघडताना अधीक्षकांनी तेथील सर्व १०६ शाळांतील पिण्याचे नळ बंद केले, कारण अनेक शाळांत शिसे किंवा तांबे जास्त आढळले होते. १९६६ च्या सुमारास या शहराच्या शाळांत जवळजवळ तीन लाख विद्यार्थी होते. २०१८ मध्ये ते पन्नास हजारांच्या आसपास उरले. नळ्या पूर्वीच्या गर्दीसाठी बांधलेल्या. पिणारे कमी झाले, की पाणी नळीत जास्त काळ उभे राहते. पटसंख्या घटणे हेही पाण्याच्या गुणवत्तेचे कारण असू शकते, हे किती जणांच्या मनात येईल?

बाल्टिमोरच्या शाळांनी रोज सकाळी नळ सोडून पाणी वाहू देण्याचा, तपासण्याचा आणि नळ बदलण्याचा मार्ग धरला होता. तो नियमाने पाळणे जड गेले आणि २००७ मध्ये सरसकट बाटलीबंद पाणी सुरू झाले. साऱ्या देशाचे चित्र २०१८ च्या सरकारी लेखापरीक्षण अहवालात दिसते. मागच्या एका वर्षात ४३ टक्के शालेय जिल्ह्यांनी शिशाची तपासणी केली होती. त्यांपैकी ३७ टक्क्यांना शिसे जास्त आढळले. ४१ टक्क्यांनी तपासलेच नव्हते. म्हणजे कायदा होऊन तीस वर्षे झाल्यावरही!

आपण काय करावे?

आपल्याकडे शिशाच्या नळ्यांची परंपरा नाही. जस्तलेपित लोखंडी आणि पुढे पीव्हीसी नळ्या आल्या. पण पितळी तोट्या आपल्याकडेही आहेत आणि पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी त्यात शिशाची संयुगे घालत असत. त्यांवर मर्यादा घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. त्याआधीच्या नळ्या भिंतींत आहेतच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात १९९१ साली शिशाची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम होती, ती २०१२ मध्ये १० झाली. आपल्या शाळांपुढे पाण्यातील जंतूंचा प्रश्न याहून मोठा आहे, हे मान्य. म्हणून घाबरून जाऊ नये. पण पाणी उकळून शिसे जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते, हे माहीत असावे. शिशाला रंग, वास, चव नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील रंगपरीक्षा इतक्या सूक्ष्म प्रमाणाला पुरी पडत नाही. नमुना सुसज्ज प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो आणि तो सकाळी नळ सोडण्यापूर्वी घ्यावा लागतो.

वर्गात मात्र दोन गोष्टी सहज करता येतील. पहिली गणिताच्या तासाला. नळीचा आतला व्यास १२ मिलिमीटर असेल तर एक मीटर लांबीत किती पाणी मावेल? उत्तर येते सुमारे ११३ मिलिलिटर. म्हणजे २५० मिलिलिटरचा पेला सव्वादोन मीटर नळी रिकामी करतो आणि ३० मीटर लांब नळीत जवळजवळ साडेतीन लिटर उभे पाणी असते. आपल्या शाळेतील नळी टाकीपासून मोजा, म्हणजे सकाळी किती पाणी सोडावे लागेल ते मुलेच सांगतील. ते पाणी बादलीत धरून झाडांना घालावे, फरशी पुसायला वापरावे. दुसरी विज्ञानाच्या तासाला. मिठाच्या पाण्यात दोन लोखंडी खिळे ठेवा, एक तसाच आणि एक तांब्याची उघडी तार गुंडाळून. काही दिवसांत कोणता जास्त गंजतो ते पाहा. तांब्याशेजारी शिशाचा डाख का झिजतो, हे शिशाला हात न लावता समजेल.

अमेरिकेच्या या हकिगतीत अज्ञानाचा भाग फार थोडा आहे. धातू कोणता, पाणी कसे, मुले किती नाजूक, हे टप्प्याटप्प्याने कळत गेले. अडले ते ‘शेवटचे काही मीटर कोणाचे?’ या प्रश्नावर. पाणीपुरवठा खात्याचा अहवाल फाटकापर्यंतचा असतो आणि बालरोगतज्ज्ञाकडे मूल येते ते नंतर. मधल्या जागेत रोज वावरणारा माणूस म्हणजे शिक्षक. नीडलमन यांना दातांतले शिसे यंत्राने मोजता आले, पण त्या शिशाने वर्गात काय केले हे शिक्षकांनीच सांगितले होते. तेव्हा पुढच्या सोमवारी शाळेत थोडे लवकर जावे आणि मुले येण्यापूर्वी नळ सोडावा. तो पहिला पेला कोणाच्याही वाट्याला जाऊ नये.